रोबोटिक्सचा प्रोजेक्ट कसा निवडावा: चाचणी आधी, शीर्षक शेवटी

दर सेमिस्टरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलं प्रयोगशाळेत येतात ती शीर्षक ठरवूनच. ‘स्मार्ट मल्टिपर्पज ॲग्रीकल्चर रोबोट’ हे त्यातलं सगळ्यात आवडतं. पेरणी, फवारणी, तण काढणं आणि रोगाचे फोटो हे सगळं एकाच गाडीने करायचं असतं. अकराव्या आठवड्यात तीच मुलं पुन्हा येतात, तेव्हा गाडी सरळही चालत नसते. मुलांनी कष्ट कमी घेतले असं नसतं, रात्री जागलेली असतात. फक्त निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी नाव ठरलं, मग सामान आलं, मग आकडेमोड झाली आणि सगळ्यात शेवटी कळलं की मुख्य कल्पनाच चालत नाही.

खालचा क्रम इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला रोबोटिक्स हा विषय घेतलेल्या तीन-चार जणांच्या ग्रुपसाठी आहे. वर्षभराचा फायनल इयर प्रोजेक्ट असेल तरी क्रम हाच ठेवा, फक्त मुदती वाढवा. शेतीच्या रोबोटचंच उदाहरण शेवटपर्यंत घेतो, कारण त्या कल्पनेत खरंच दम आहे. तिला फक्त आवरायला हवं.

१. हातात काय आहे ते आधी लिहून काढा

कल्पनांवर बोलायच्या आधी एक कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा.

वेळ: सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं दिसतं. त्यातून अंतर्गत परीक्षा, सबमिशनचा आठवडा, गणपतीत गावी जाणारे मित्र आणि इतर विषयांचे जर्नल वजा करा. खऱ्या कामाचे आठ-नऊ आठवडे उरतात. कॅलेंडर समोर ठेवून ते मोजा, अंदाजाने धरू नका.

माणसं: कोणाला सोल्डरिंग येतं? पायथन किंवा सी++ मध्ये स्वतः लिहिलेला प्रोग्राम कोणी चालवून दाखवला आहे? कॅडमध्ये भाग काढून तो प्रिंट किंवा लेझर कट करून कोणी बसवला आहे? ‘शिकून घेऊ’ हे उत्तर एका कौशल्यापुरतं चालतं. तिन्ही ठिकाणी तेच उत्तर आलं तर प्रोजेक्ट लहान करा.

सामान: प्रयोगशाळेत चालू स्थितीत काय आहे ते कपाट उघडून पाहा. स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद असलेला लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) कपाटात असतोच असं नाही, आणि असला तरी त्याची केबल असतेच असं नाही.

पैसे: माणशी किती काढणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. त्यातला चौथा भाग जळणाऱ्या आणि तुटणाऱ्या वस्तूंसाठी बाजूला ठेवा. मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा बोर्ड) जळतोच.

*तपासणी: या चारही गोष्टी एका पानावर आल्या आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी ते पान वाचलं, मगच पुढे जा.*

२. अभ्यासक्रमातला कोणता भाग प्रोजेक्टच्या मध्यभागी आहे, ते ठरवा

ही पायरी बहुतेक ग्रुप गाळतात आणि व्हायवात त्याचा फटका बसतो. विषय रोबोटिक्सचा आहे. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) विचारतात ते कायनेमॅटिक्स (सांध्यांच्या आणि चाकांच्या हालचालीचं गणित), कंट्रोल, सेन्सिंग, पाथ प्लॅनिंग यांतलं. मोबाइलवरून ब्लूटूथने चालणारी गाडी छान दिसते, पण तिच्यात निर्णय माणूस घेतो. रोबोट स्वतः काय ओळखतो आणि त्यावरून काय ठरवतो, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही तर ती कल्पना बाजूला ठेवा.

दहा कल्पना लिहा आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहा: हात, चाल, नजर किंवा नियोजन. वस्तू उचलणारा आर्म म्हणजे ‘हात’, दोन चाकांवर तोल सांभाळणारी गाडी म्हणजे ‘चाल’, रंग किंवा आकार ओळखणं म्हणजे ‘नजर’, भूलभुलैयातून वाट काढणं म्हणजे ‘नियोजन’. शेतीच्या रोबोटपुढे मुलं चारही शब्द लिहितात. दुखणं तिथेच आहे. एका सेमिस्टरमध्ये एक शब्द नीट होतो, दुसरा कामापुरता होतो, तिसरा धरला की पहिला सुटतो.

आमच्या उदाहरणात ‘चाल’ ठेवू. गाडी पिकाच्या दोन ओळींमधून रोपाला न लागता जाईल. फवारणी, पेरणी, कॅमेरा सगळं बाहेर. एवढंच ठेवलं तर प्रोजेक्ट किरकोळ वाटेल, ही भीती मुलांना हमखास वाटते. पुढची पायरी केली की ती जाते.

३. मोजता येईल असं एक वाक्य लिहा

‘रोबोट शेतात चालेल’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘आमची गाडी ६० सेंमी अंतरावर ठेवलेल्या कुंड्यांच्या दोन ओळींमधून, सेकंदाला ०.५ मीटर वेगाने, ५ मीटर अंतर २० पैकी १६ वेळा कुंडीला न लागता पार करेल. मध्यरेषेपासून ती किती सरकली हे दर अर्ध्या मीटरला मोजू’ हे तपासता येतं.

वाक्यात चार गोष्टी हव्यात: जागा कशी असेल, काम कोणतं, किती वेळा प्रयत्न करणार आणि मोजणार काय. यश किती टक्के हवं तो आकडा तुम्ही ठरवा आणि काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. नंतर ठरवलेला आकडा नेहमी जे झालं त्याच्याबरोबर जुळतो.

इथे कुंड्या घेतल्या आहेत, शेत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. पावसाळ्यात कॉलेजपासून शेतापर्यंत गाडी नेऊन वीस वेळा चाचणी घेणं होत नाही. गच्चीवर किंवा कॉरिडॉरमध्ये कुंड्या मांडून ते दर संध्याकाळी करता येतं. ज्याची चाचणी रोज घेता येते असाच प्रोजेक्ट घ्या. निवडीच्या सगळ्या कसोट्यांत मी हिला पहिला नंबर देतो.

*सावधान: वाक्यात ‘स्मार्ट’, ‘इंटेलिजंट’, ‘कार्यक्षम’ असे शब्द आले तर ते काढा आणि त्यांच्या जागी आकडा लिहा. आकडा सुचत नसेल तर कल्पना अजून पिकलेली नाही.*

४. आकडेमोड: खरेदीच्या आधी

इथे घाई करू नका. एक अख्खी संध्याकाळ द्या. बहुतेक प्रोजेक्ट इथेच वाचतात किंवा इथेच बुडतात.

*टॉर्क.* टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर: भार गुणिले सांध्यापासूनचं अंतर. आधी आर्मचं उदाहरण घेतो, कारण त्यात सगळ्यात जास्त ग्रुप फसतात. २० सेंमी लांब हाताच्या टोकाला १०० ग्रॅमची वस्तू उचलायची आहे. खांद्यावर वस्तूचा भार ०.१ × २० म्हणजे २ किलो-सेंमी. हाताचं स्वतःचं वजन ८० ग्रॅम धरलं आणि ते मध्यावर, १० सेंमीवर धरलं, तर आणखी ०.८. एकूण २.८ किलो-सेंमी. दुकानात सहज मिळणारा निळा एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर) ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंमीचा असतो, आणि तो आकडाही स्टॉलचा, म्हणजे मोटर अडून थांबते तेव्हाचा. हात उचलला जाणारच नाही. एमजी९९६आर हा मोठा सर्व्हो याच्या कितीतरी पट ताकदीचा आहे, पण त्याचं स्वतःचं वजन ५५ ग्रॅमच्या घरात आहे. तो कोपरावर बसवला की खांद्याचा हिशोब पुन्हा करावा लागतो. म्हणून सहा सांध्यांचा आर्म मागे ठेवा आणि तीन सांध्यांचा करा. इन्व्हर्स कायनेमॅटिक्स (टोक कुठे हवं त्यावरून सांध्यांचे कोन काढणं) त्यातही पुरेसं शिकता येतं.

आता आमची गाडी. वजन २ किलो, चाकाची त्रिज्या ३.२५ सेंमी, आणि १५ अंशांचा चढ चढायचा आहे. चढावर मागे ओढणारा भार २ × साइन १५ म्हणजे ०.५२ किलो. गुणिले ३.२५ केलं की १.७ किलो-सेंमी, दोन चालत्या चाकांत वाटला तर प्रत्येकी ०.८५. घर्षणासाठी निम्म्याने वाढवा, साधारण १.३ होतो. मोटर तिच्या स्टॉल टॉर्कच्या तिसऱ्या भागाहून जास्त भारावर सतत चालवू नये, म्हणजे ४ किलो-सेंमीच्या आसपास स्टॉल टॉर्क असलेली मोटर हवी. प्लॅस्टिक गिअरची पिवळी बीओ मोटर इथे कमी पडते. मेटल गिअरची घ्यावी लागेल, आणि शक्य तर एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा भाग) असलेली. एकाच पाकिटातल्या दोन मोटर सारख्या वेगाने फिरत नाहीत, त्यामुळे एन्कोडरशिवाय गाडी सरळ सोडली तरी एका बाजूला ओढते.

*वीज.* १८६५० चे दोन लिथियम सेल एकामागे एक जोडले की ७.४ व्होल्ट. एल२९८एन ड्रायव्हर त्यातले सुमारे २ व्होल्ट स्वतःच खातो आणि मोटरला साडेपाचच्या आत मिळतात. १२ व्होल्टची मोटर घेऊन ती संथ का चालते म्हणून रात्रभर कोड तपासणारे ग्रुप मी दरवर्षी पाहतो. टीबी६६१२ सारखा मॉसफेट ड्रायव्हर खूप कमी व्होल्ट खातो, मात्र त्याची सतत करंटची मर्यादा दर चॅनेलला १.२ अँपिअर आहे. म्हणून मोटरचा स्टॉल करंट कळायलाच हवा. डेटाशीट नसेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा, चाक हाताने घट्ट धरा आणि दोन सेकंदांत आकडा वाचून सोडून द्या.

*सावधान: सर्व्हो आर्डुइनोच्या (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड) ५ व्होल्ट पिनवर चालवू नका. यूएसबीवरून बोर्डाला मिळतात ५०० मिलिअँपिअर. सर्व्हो अडला की बोर्ड रीसेट होतो आणि चूक कोडमध्ये आहे असं वाटतं. सर्व्होला वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड मात्र एकत्र जोडा.*

*मेमरी आणि वेळ.* आर्डुइनो उनो आर३ मध्ये काम करायची रॅम आहे २ केबी. १६० × १२० चं साधं कृष्णधवल चित्र होतं १९,२०० बाइटचं. उनोला कॅमेरा जोडून पानावरचा रोग ओळखू, असं प्रपोजल लिहिणाऱ्यांनी हा एक भागाकार केला असता तर महिना वाचला असता. चित्र हवं असेल तर रास्पबेरी पाय किंवा तत्सम बोर्ड लागतो, आणि मग त्याच्या वीजपुरवठ्याचा हिशोब वेगळा: पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय हवा.

आमच्या गाडीवर दोन बाजूंना दोन एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे) आहेत. दोन्ही एकदम वाजवले तर एकाचा आवाज दुसरा ऐकतो. एका मोजणीला ६० मिलिसेकंद सोडावेत असं डेटाशीट सांगतं, म्हणजे दोन्हींची एक फेरी १२० मिलिसेकंदांची. सेकंदाला ०.५ मीटर वेगात तेवढ्यात गाडी ६ सेंमी पुढे जाते. ओळींतलं अंतर ६० सेंमी, गाडीची रुंदी २० सेंमी, म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळी जागा २० सेंमी. दर ६ सेंमीला एकदा पाहणं हे वळताना धोक्याचं आहे. वेग ०.२ मीटर केला की तेच अंतर २.४ सेंमी होतं. तिसऱ्या पायरीतल्या वाक्यात वेगाचा आकडा बदला. वाक्य बदलणं यात कमीपणा नाही. कागदावर बदललं म्हणून फुकट बदललं.

५. सगळ्यात जास्त शंका असलेला भाग आधी, चार दिवसांत करून पाहा

मुलं सुरुवात चासिसपासून (गाडीच्या सांगाड्यापासून) करतात, कारण ते जमतं. पहिले तीन आठवडे ॲक्रिलिक कापण्यात आणि एलईडी लावण्यात जातात, ग्रुपला काम होत असल्यासारखं वाटतं. पण चासिस जमणार की नाही, हा प्रश्नच नव्हता.

प्रत्येकाने स्वतंत्र चिठ्ठीवर लिहा: ‘हे चाललं नाही तर सगळं संपलं’ असा भाग कोणता? आमच्या गाडीत तो आहे सेन्सर. अल्ट्रासॉनिक आवाज भिंतीवरून छान परततो. पानांवरून परततो का? पानं तिरकी असतात, दोन रोपांच्या मध्ये फट असते, आवाजाचा झोत शंकूसारखा पसरतो. यासाठी गाडीची गरज नाही. एक उनो, एक सेन्सर, एक लाकडी पट्टी, सहा कुंड्या आणि मोजपट्टी. सेन्सर हाताने ओळीलगत सरकवा, दर ५ सेंमीला आकडा लिहा आणि मोजपट्टीच्या आकड्याशेजारी ठेवा. फटीपाशी आकडे उड्या मारतील. शेवटच्या पाच वाचनांचा मध्यक घेतला तर त्या किती शमतात तेही पाहा, पण पाच वाचनं जमायला लागणारा वेळ चौथ्या पायरीच्या हिशोबात धरा.

चाचणीचे निकाल तीनच. चाललं तर पुढे जा. थोडं चाललं तर वाक्य बदला: पानांऐवजी ओळीच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी, किंवा झाडांचं खोड दिसेल इतका खाली बसवलेला सेन्सर. अजिबात चाललं नाही तर कल्पना सोडा आणि यादीतली दुसरी घ्या. चार दिवस गेले, सेमिस्टर वाचलं.

हीच पद्धत इतर कल्पनांना लावा. दोन चाकांवर तोल सांभाळायचा असेल तर आधी एमपीयू६०५० (झुकाव मोजणारा सेन्सर) टेबलावर ठेवून, हाताने झुकवून कोन नीट मिळतो का पाहा. त्याच सेन्सरवरून दिशा ठरवायची असेल तर दहा मिनिटं न हलवता ठेवा. त्यात चुंबकीय सेन्सर नसल्याने दिशेचा कोन हळूहळू सरकत जातो, तो किती सरकतो ते लिहून ठेवा. रंग ओळखायचा असेल तर एकच वस्तू सकाळी खिडकीपाशी आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दाखवा.

*तपासणी: चाचणीचे आकडे वहीत तारखेसह आहेत का? हेच पान पुढे रिपोर्टमध्ये जातं, आणि व्हायवात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.*

६. सॉफ्टवेअरची आवृत्ती ठरवा आणि मग तिला हात लावू नका

आरओएस (रोबोटचे वेगवेगळे प्रोग्राम जोडणारं तयार सॉफ्टवेअर) वापरणार नसाल तर ही पायरी सोडा. साध्या सेन्सर-मोटरच्या गाडीला ते लागत नाही, आणि केवळ प्रपोजल भारदस्त दिसावं म्हणून ते घेऊ नका.

नकाशा बनवणं, नॅव्हिगेशन किंवा अनेक सांध्यांचा आर्म असेल तर आरओएस २ घ्या. त्याची प्रत्येक आवृत्ती उबंटूच्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेली आहे: हंबल उबंटू २२.०४ वर, जॅझी उबंटू २४.०४ वर. आधी लॅपटॉपवर कोणतं उबंटू आहे ते पाहा, मग आवृत्ती निवडा, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांकडे तीच ठेवा. व्हिडिओत ‘कॅटकिन’ हा शब्द दिसला की तो जुन्या आरओएस १ चा आहे हे ओळखा आणि बंद करा. आरओएस १ ची शेवटची आवृत्ती नोएटिक, तिचा आधार मे २०२५ मध्ये संपला. गॅझेबो या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचंही तसंच: जुन्या ‘क्लासिक’चा आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला, आणि त्याच्या आज्ञा नव्या गॅझेबोत चालत नाहीत. दोन वेगवेगळ्या काळातल्या धड्यांची सरमिसळ हे अडकण्याचं मुख्य कारण असतं.

सामानाला पैसे नसतील तर पूर्ण सिम्युलेशनमधला प्रोजेक्टही मानाने करता येतो. अट एकच, तिसऱ्या पायरीतलं मोजता येणारं वाक्य तिथेही हवं. टर्टलबॉट३ हा तयार रोबोट सिम्युलेशनमधल्या गोदामात फिरवून दाखवणं हा झाला सराव. त्याच गोदामात दोन प्लॅनर (वाट आखणारे प्रोग्राम) प्रत्येकी तीस वेळा चालवून वेळ आणि अंतर यांची तुलना केली, तर तो प्रोजेक्ट.

७. तीन मजले ठरवा

पहिला मजला: एवढं झालं तरी सादर करता येईल. आमच्यासाठी, गाडी दोन पुठ्ठ्यांच्या भिंतींमधून ५ मीटर जाते आणि विचलनाचा आलेख मिळतो. दुसरा मजला: कुंड्यांच्या ओळींतून जाते, म्हणजे तिसऱ्या पायरीतलं वाक्य. तिसरा: ओळ संपली की वळून शेजारच्या ओळीत शिरते.

प्रत्येक मजल्यापुढे तारीख लिहा. पहिला मजला कामाच्या एकूण आठवड्यांपैकी निम्मे संपायच्या आत उभा राहिला पाहिजे. नाही राहिला तर तिसऱ्यावर त्याच दिवशी काट मारा, त्याचे भाग मागवू नका.

८. खरेदी

आता मागवा, आधी नाही. पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जे हातात घेऊन बघता येतं ते तिथून घ्या, बाकी देशातल्या ऑनलाइन दुकानातून. परदेशातून येणारा भाग सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये धरूच नका. ड्रायव्हर, सेन्सर आणि जंपर वायर दुप्पट घ्या, मोटर तीन घ्या. भाग आला त्याच दिवशी एकेकटा चालवून पाहा. बदलून घ्यायची मुदत संपल्यावर पाकीट फोडलं तर काही करता येत नाही.

*सावधान: ईएसपी३२ बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एचसी-एसआर०४ ची इको पिन ५ व्होल्ट देते. मधे दोन रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर घालून जोडा.*

*लिथियम सेल देखरेखीशिवाय चार्जिंगला लावून हॉस्टेलवर झोपायला जाऊ नका. फुगलेला सेल त्याच दिवशी वापरातून काढा.*

९. गाइडकडे जाताना

एक पान न्या. त्यावर मोजता येणारं वाक्य, चार दिवसांच्या चाचणीचा तक्ता, टॉर्क-करंटचा हिशोब, तीन मजले तारखांसह आणि खर्च. सरांना किंवा मॅडमना ‘कोणता प्रोजेक्ट घेऊ?’ असं विचारलं की मागच्या वर्षीचा एखादा सांगितला जातो. ‘सेन्सर फटीपाशी चुकतोय, तो खाली बसवू की दोन लावू?’ असं विचारलं की अर्धा तास बसून चर्चा होते, आणि पुढच्या रिव्ह्यूला तेच स्वतःहून विचारतात की त्याचं काय झालं.

शीर्षक याच बैठकीत ठरवा. तिसऱ्या पायरीतल्या वाक्यातूनच ते काढायचं. आमच्या गाडीचं असं झालं: ‘अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या आधारे रोपांच्या दोन ओळींमधून चालणारी गाडी आणि तिच्या मध्यरेषेपासूनच्या विचलनाचं मोजमाप’. सिनॉप्सिसच्या फॉर्मवर ते दोन ओळींत मावतं.